सत्तावन्न उपदेश आणि एक नकाशावाला

आपल्याकडे पावसाची टंचाई होते, कांद्याची होते, सुट्ट्या पैशांची तर बारमाही असते; पण मार्गदर्शनाची टंचाई झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. १९७२ च्या दुष्काळात धान्य मिळत नव्हतं, सल्ला मिळत होता. मूल दहावीत गेलं की मार्गदर्शन शिबिरं लागतात, बारावीत गेलं की व्याख्यानमाला लागते आणि लग्नाचं झालं की सूचक मंडळाच्या आधी शेजारच्या काकू सुचवायला लागतात. बसस्टॉपवर नुसतं इकडेतिकडे पाहिलं तरी "कुठं जायचंय?" म्हणून विचारणारा एक जण हजर असतो. त्याला ते ठिकाण ठाऊक असतंच असं नाही. पण ठाऊक नाही म्हणून सांगायचं नाही, अशी पद्धत आपल्यात नाही.

अशा समाजात पन्नाशी गाठलेल्या माणसाच्या हातात 'हॉलो नाइट' नावाचा व्हिडिओ गेम द्यावा आणि गंमत बघत बसावं. माझा भाचा सध्या तेच करतो.

उड्या मारायच्या, लढायचं, आणि मुख्य म्हणजे शोधत हिंडायचं, असा हा खेळ. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातल्या 'टीम चेरी' नावाच्या अगदी छोट्या चमूनं तो केला. ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे त्यातले मूळ दोघं. २०१४ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. लोकांनी ५७,००० च्या वर दिले. २४ फेब्रुवारी २०१७ ला खेळ बाजारात आला. म्हणजे हे काम लोकवर्गणीतून झालेलं. तरी रस्ता त्यांनी वर्गणीदारांनाही सांगितलेला नाही.

खेळात आपण एक किडा असतो. शिंगं असलेला पांढरा मुखवटा, अंगावर काळपट झगा, हातात खिळ्यासारखी तलवार. नाव नाही, आवाज नाही, आई-वडिलांची चौकशी नाही. चालत चालत आपण डर्टमाउथ नावाच्या गावात येतो. घरं बंद, दिवे मिणमिणते, एक बाक, आणि त्या बाकाजवळ उभा असलेला एक म्हातारा किडा. मला हायसं वाटलं. गाव कुठलंही असो, असा एक म्हातारा भेटला की पुढची चिंता मिटते. आता हा आपल्याला गावाचा तीन पिढ्यांचा इतिहास, कोण कुणाला जमिनीवरून बोलत नाही ते, आणि ओघानं रस्ताही सांगणार. या म्हाताऱ्यानं एवढंच सांगितलं, की सगळे खालच्या राज्यात उतरले आणि कुणी परत आलं नाही. बस्स. शेजारी विहीर आहे.

"आता काय करायचं?" मी भाच्याला विचारलं.

"खाली उतर."

"उतरून काय करायचं?"

"मामा, उतर की आधी."

"पण शेवटी करायचंय काय या खेळात?"

"ते कळतं नंतर," असं म्हणून तो चिवड्याच्या डब्याकडे वळला. ज्या मुलाला मी सायकल शिकवताना 'ब्रेक दाब, ब्रेक दाब' म्हणत सबंध मैदानभर मागून पळालो होतो, त्याचं हे उत्तर.

खाली हॅलोनेस्ट नावाचं किड्यांचं उद्ध्वस्त राज्य आहे. डावीकडे बोगदा, उजवीकडे बोगदा, खाली खड्डा, वर एक असा कठडा की तिथे उडी पोचत नाही. बाण नाही, 'पुढे जा' नाही, अमुक करा तमुक मिळवा अशी कामांची यादी नाही. १९८५ चा मारिओ आमच्या पिढीला माहीत होता. त्यात तत्त्वज्ञान सोपं होतं: उजवीकडे पळत सुटायचं. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोनंच 'मेट्रॉइड' काढला आणि त्यात सुरुवातीलाच अशी मेख मारून ठेवली, की उजवीकडे गेलात तर पुढे अडकता. आधी डावीकडे जाऊन तिथली एक वस्तू घ्यावी लागते. हे कुणी सांगत नाही. त्या काळी किती पोरं उजवीकडे डोकं आपटत बसली असतील! 'हॉलो नाइट' याच घराण्यातला. इथे जो कठडा आज गाठता येत नाही, त्याच्यावर जायची युक्ती भलत्याच दिशेला, कुठल्या तरी लढाईनंतर हाती लागते. मग आठवायचं, की असा कठडा आपण पाहिला होता. कुठे? ते आठवणं आपल्याकडे.

हल्लीचे बरेचसे खेळ याच्या अगदी उलट आहेत. चढायची शिडी, फोडायचं पिंप, धरायची कपार, सगळ्याला पिवळा रंग फासलेला असतो. 'रेसिडेंट ईव्हिल ४' ची नवी आवृत्ती २०२३ मध्ये आली तेव्हा त्या पिवळ्या रंगावरून खेळणाऱ्यांत चांगलीच जुंपली होती. शत्रूंनी भरलेल्या त्या गावात एवढा रंग लावत कोण हिंडलं, हा प्रश्न रास्तच आहे. पण खरं सांगायचं तर पहिल्या संध्याकाळी मी हॅलोनेस्टमध्ये पिवळा रंगच शोधत होतो.

रंग सापडला नाही, कागद सापडले. एका बोगद्यात जमिनीवर दोनचार कागदाचे कपटे पडले होते. पुढे गेलो तर आणखी दोन. आणि मग ऐकू आलं, की कुणी तरी आपल्याच नादात गुणगुणतंय. आवाजाच्या रोखानं जावं तसतसं ते गुणगुणणं मोठं होतं, भलत्या वळणावर गेलं की बारीक होतं. शेवटी एका कोपऱ्यात चष्मा लावलेला, जाडजूड किडा कागद पसरून बसलेला दिसला. हा कॉर्निफर. सबंध हॅलोनेस्टमध्ये उपयोगाचा सल्ला कुणाकडे असेल तर याच्याकडे, आणि तो सल्ला देत नाही. नकाशा विकतो. तोही अर्धवट, जेवढं त्यानं पाहिलंय तेवढाच. बाकीचा तुम्ही हिंडा आणि काढा.

नकाशा घेतला म्हणून सुटलात असंही नाही. त्यात आपण कुठे आहोत ते दिसत नाही. ते दिसायला होकायंत्र लागतं आणि ते वर गावात कॉर्निफरच्या बायकोच्या, इसेल्डाच्या, दुकानात मिळतं. किंमत २२० जीओ. जीओ हे तिथलं चलन. नव्या जागा नकाशावर उमटायला हव्यात तर पीस लागतं, ते १२० ला. बाकांच्या खुणा हव्यात? त्या वेगळ्या. नवरा रानोमाळ भटकून नकाशे काढतो आणि बायको गल्ल्यावर बसून पीस, टाचण्या सुट्या सुट्या विकते. संसार कसा चालवावा याचा एवढा व्यवहारी नमुना मी मराठी कादंबरीतही पाहिलेला नाही. शिवाय ते होकायंत्र नुसतं विकत घेऊन चालत नाही, अंगावर धारण करावं लागतं. अशा ताईतांसाठी सुरुवातीला तीनच खाचा असतात. त्यातली एक 'मी कुठे आहे' या प्रश्नात गेली, की लढायला आणि पैसे गोळा करायला दोनच उरतात. भाच्यानं होकायंत्र केव्हाच काढून टाकलंय. मी मरेन पण काढणार नाही.

मरणं हे मी आलंकारिक अर्थानं म्हणत नाहीये. या खेळात मरण फार येतं. मेलात की जवळचे सगळे पैसे जागेवर राहतात आणि त्यांच्यावर तुमचीच काळी सावली पहारा करत बसते. परत तिथवर जायचं, त्या सावलीशी लढायचं, तेव्हा पैसे परत. वाटेत पुन्हा मेलात तर पहिले पैसे बुडाले. माणसानं स्वतःचेच पैसे स्वतःशीच मारामारी करून मिळवायचे आणि तेही कुणी साक्षीदार नसताना!

मग साहजिकच मराठी माणूस बँक शोधतो. बँक आहे. फंगल वेस्ट्स नावाच्या, अळंब्यांनी भरलेल्या भागात मिलिबेल नावाची एक गुबगुबीत बाई ठेवी घेत बसलेली असते. बोलणं गोड, हसणं गोड, काउंटरला गर्दी नाही, पॅनकार्ड मागत नाही. माझ्या डोक्यात धोक्याची घंटा वाजायला हवी होती असं कुणीही म्हणेल. पण भूमिगत राज्यात, अळंब्यांमध्ये, इतक्या अगत्यानं ठेव घेणारं कुणी भेटलं की माणूस विरघळतो. रक्कम चांगली साठली आणि एके दिवशी पाहतो तर बाई गायब. ना सूचना, ना फलक. खेळ याबद्दल अवाक्षर काढत नाही. ठेवीदारांची सभा नाही, प्रशासक नाही, वर्तमानपत्रात चौकट नाही.

पुढे पुष्कळ भटकल्यावर दुसऱ्याच एका शहरात, एका ऐषआरामाच्या वाड्यात, गरम पाण्याच्या कुंडाशी ती निवांत पसरलेली दिसते. इथेही काय करायचं ते कुणी सांगत नाही. पण इतक्या वेळानं आपल्याला या राज्याची रीत कळलेली असते. खिळा काढून एक ठेवून दिला की तिच्या अंगातून पैसे उडतात. आणखी ठेवले की आणखी उडतात. ठेव परत मिळवण्याची इतकी सुटसुटीत कार्यपद्धती मी अन्यत्र पाहिलेली नाही. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ व्हिडिओ गेमच्या नावानं बोटं मोडतात. त्यांना मी हा प्रसंग पडद्यावर दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पुन्हा लाव."

या राज्यातली दुसरी अनुभवसिद्ध गोष्ट म्हणजे आग्रह. हॅलोनेस्टमध्ये कुणी आग्रह करत नाही. म्हणूनच डीपनेस्ट नावाच्या काळ्याकुट्ट, कोळ्यांनी भरलेल्या भागात एका वस्तीत पोचल्यावर मी गहिवरलो. बाकाभोवती चारदोन किडे उभे, आणि सगळे म्हणतायत, ये, दमला असशील, टेक जरा. इतक्या अंधारात इतकी आपुलकी! बाकावर बसलं की जीव भरतो, नकाशा अद्ययावत होतो. बाक म्हणजे या खेळातलं माहेर. बसलो. बसल्याबरोबर कोळ्याच्या जाळ्यात गुंडाळला गेलो आणि शुद्धीवर आलो ते त्यांच्या गुहेत. भाचा मागे खुर्चीवर बसून तोंडावर उशी दाबून हसत होता. त्याला अर्थात सगळं माहीत होतं. त्यानं सांगितलं नाही. हे त्याच्या पिढीचे संस्कार.

पण खरा माणूस पुढेच आहे. त्याचं नाव झोट. स्वतःला महापराक्रमी म्हणवतो. ग्रीनपाथ नावाच्या हिरव्यागार भागात तो एका मोठ्या उडत्या किड्याच्या तोंडात अडकलेला सापडतो. आपण जीव धोक्यात घालून त्याला सोडवतो, तर आभार राहिले बाजूला, आपण त्याची शिकार पळवली म्हणून तो आपल्यालाच झापतो. पुढे डीपनेस्टमध्ये तो कोळ्याच्या जाळ्यात लटकलेला मिळतो. पुन्हा सोडवावं, पुन्हा बोलणी खावीत. आणि या झोटकडे जगावं कसं याबद्दलचे ५७ उपदेश आहेत. सत्तावन्न! ऐकायला उभं राहिलं तर तो ते एकामागून एक सगळे ऐकवतो. पहिला असा, की आपली लढाई नेहमी जिंकावी. हे सांगणारा गृहस्थ आत्ताच कुणाच्या तरी जबड्यातून बाहेर आलाय. एक उपदेश झगा कोरडा ठेवण्याबद्दल आहे. या सत्तावन्नातल्या एकाचाही पुढच्या बोगद्यात काडीचा उपयोग होत नाही.

मी ते सगळे ऐकले. शेवटपर्यंत. भाचा म्हणाला, "मामा, अरे पुढे ढकलता येतं ते." मला ढकलवेना. इतके दिवस या राज्यात कुणी माझ्याशी चार वाक्यं बोललं नव्हतं. आणि हा मनुष्य न विचारता, न थांबता, स्वतः काही न साधलेल्या विषयावर बोलत होता. मला घरी आल्यासारखं वाटलं.

टीम चेरीचा डाव माझ्या लक्षात आला तो इथे. त्यांनी मार्गदर्शन काढून टाकलेलं नाही. त्यांनी ते तोंडाळ लोकांकडून काढून घेतलंय. सबंध राज्यात सल्ला देतो तो एकच, आणि त्याला त्यांनी विदूषक केलंय. रस्ता सांगायचं काम दिलंय कागदाच्या कपट्यांना, गुणगुणण्याला, भिंतीवरच्या बारीक तड्याला. तडा गेलेल्या भिंतीवर खिळा मारला की मागे खोली निघते. हे एकदा कळलं की माणूस प्रत्येक भिंतीकडे, विमा एजंट नव्या शेजाऱ्याकडे पाहतो तसा पाहू लागतो.

एक उदाहरण सांगतो. 'सिटी ऑफ टिअर्स' नावाचं एक शहर आहे, जमिनीखाली खोल. तिथे सतत पाऊस पडतो. उंच काचेच्या खिडक्यांवरून पाणी ओघळतंय, रस्ते भिजलेले, ख्रिस्तोफर लार्किनचं संथ संगीत चाललेलं. मुंबईकराला दोन मिनिटं बरं वाटतं; मग प्रश्न पडतो, की जमिनीखाली पाऊस कुठला? क्विरल नावाचा एक भटका प्रवासी तिथे भेटतो. तोही इतकंच म्हणतो, की वर कुठे तरी पुष्कळ पाणी असणार. विषय संपला. पुढे खूप दिवसांनी, भलतंच काही शोधत असताना, मी वरच्या अंगाला एका प्रचंड शांत तळ्याच्या काठी येऊन थांबलो. नकाशा काढला. तळं कुठे आहे, शहर कुठे आहे, ते पाहिलं. तळं गळतंय! मी ओरडलो तेव्हा स्वयंपाकघरातून बहीण धावत आली. तिला वाटलं आमच्या वरच्या मजल्यावरची टाकी.

कुणी आधी सांगून ठेवलं असतं, तर ही माहिती झाली असती आणि मी ती विसरून गेलो असतो. आज मी भेटेल त्याला ती सांगत सुटलोय.

जाणकार म्हणतील, की हे सगळं इंटरनेटवर आहे. आहे. प्रत्येक खोलीचा नकाशा, प्रत्येक शत्रूची खोड, लपलेली ४६ बापडी अळी-पोरं कुठल्या बरणीतून सोडवायची, सगळं व्हिडिओसकट आहे. ज्या महाराष्ट्रानं '२१ अपेक्षित' च्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या मॅट्रिक काढली, त्याला हे मी नव्यानं काय सांगू? पण अपेक्षित प्रश्नसंचानं आपण पास झालो, भूगोल कुणाला आला? तीच गत इथे. व्हिडिओ बघून खेळणारा पार शेवटाला पोचतो आणि त्याला हॅलोनेस्टमधला एक रस्ता धड आठवत नाही. मी शेवटापासून कोसभर दूर आहे, पण मला झोपेतून उठवून विचारा, ग्रीनपाथहून खाली कसं उतरायचं ते सांगतो. विचारलं नाहीत तरी सांगतो.

न बोलण्याचं व्रत टीम चेरीच्या मंडळींनी खेळाबाहेरही पाळलं. पुढचा भाग 'सिल्कसाँग' त्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला आणि मग वर्षानुवर्षं चिडीचूप. चाहत्यांनी धीर सोडला, विनोद केले, विनोदांनीही धीर सोडला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अचानक सांगितलं, की दोन आठवड्यांनी देतोय. ४ सप्टेंबरला खेळ आला आणि त्या गर्दीनं स्टीमसारखी मोठमोठी ऑनलाइन दुकानं काही काळ कोलमडली. इतकी वर्षं काय अडलं होतं, असं विचारल्यावर त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा निघाला, की अडलं काहीच नव्हतं. करायला मजा येत होती, म्हणून करत राहिलो. आपल्याकडे एखाद्या लेखकानं संपादकाला हे उत्तर देऊन पाहावं.

तोवर पहिल्या खेळाच्या प्रती दीड कोटीच्या घरात गेल्या होत्या. म्हणजे रस्ता न सांगणाऱ्याकडे जायला जगात दीड कोटी लोक पैसे मोजायला तयार आहेत. आणि रस्ता फुकट सांगणारे आपण, आपलं कुणी ऐकत नाही म्हणून कुरकुरतो. यावर विचार व्हायला हवा.

खेळ पाहणाऱ्यांचं दुःख मात्र खेळणाऱ्याहून मोठं आहे, हे मान्य केलं पाहिजे. माझ्या मागच्या खुर्चीत भाचा बसतो. त्याला सगळं येतं. मी बरोबर रस्त्याला पाठ करून निघालो की त्याचा श्वास अडकतो, बोटं वळवळतात, चिवड्याचा बकाणा तसाच राहतो. पण तो बोलत नाही. बहिणीला खेळातलं काही येत नाही, ती मात्र जातायेता "अरे वर जा ना, वर काही तरी दिसतंय" असं म्हणून जाते. मेव्हणे पेपराआडून "आधी पैसे सांभाळ" म्हणतात. मॅन्टिस लॉर्ड्स नावाच्या तीन बहिणींशी मी कित्येक दिवस हरत होतो. ज्या रात्री जिंकलो, त्या रात्री त्या तिघींनी मला वाकून नमस्कार केला, आणि त्यांच्या गावातून परत फिरताना, काल माझ्या अंगावर धावून येणारा प्रत्येक किडा बाजूला होऊन झुकला. एक शब्द कुणी बोललं नाही. मी मागे वळून पाहिलं. भाच्यानं चिवड्याचा डबा माझ्यापुढे केला. तोही काही बोलला नाही. या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कुणी हा खेळ खेळत असेल, मग तो बारा वर्षांचा असो की बावन्नचा, तर एवढंच करा. त्याच्या मागे खुर्ची टाकून बसा. तो चुकीच्या बोगद्यात शिरेल, शिरू द्या. त्या बाकावर बसेल, बसू द्या. बँकेत पैसे ठेवेल, ठेवू द्या. तोंडात काही तरी धरून ठेवा, शेंगदाणे बरे पडतात. आणि अगदीच राहवलं नाही, 'वर जा' असं ओठांपर्यंत आलंच, तर उठून दुसऱ्या खोलीत जा आणि तिथे दहावीला कुणी असेल तर त्याला सांगा. त्याला सवय असते.